उत्तरेकडची भिंत

६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तर लिहायला आज बसतेय. मामी म्हणत असतील, भाची आता मोठी बाई झाली, तिला कुठली आपली आठवण. तसं नाही हो. सकाळी आठला मुलांच्या केंद्राचं कुलूप काढते, ती संध्याकाळी पाठ टेकायलाच घरी येते.

भूकंपाला तीन महिने झाले. ज्यांची घरं पडली त्यांची बेचाळीस मुलं रोज आमच्याकडे असतात. त्यांचे आईवडील मैदानावरच्या तंबूंतून परस्पर कामाला जातात आणि मुलं दिवसभर आमच्या हवाली. शिकवायला मी आणि चित्रकलेचे सर, स्वयंपाकाला एक मावशी. नगरपालिकेनं आम्हाला जुनं सभागृह दिलंय. उंच छत, मोठ्या खिडक्या, पाय पसरून बसावं अशी लाकडी जमीन. इंजिनीअरसाहेबांनी धक्क्यानंतर आठवड्याभरात ते तपासलं आणि इमारत सुरक्षित असल्याचा कागद दारावर चिकटवला.

पण मामा, एकही मूल आत यायला तयार नाही. अंगणात बसतात, बोचऱ्या वाऱ्यात कुडकुडतात, वह्यांची पानं दगडाखाली दाबून लिहितात. आत कॅरमबोर्ड मांडून पाहिला, तर पाच मिनिटांत तो उचलून बाहेर नेला. मदत कार्यालयाच्या बाई परवा येऊन गेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, की महिनाअखेरपर्यंत सभागृह असंच रिकामं दिसलं तर त्यांना तिथे ब्लँकेटं आणि धान्य ठेवावं लागेल, आणि केंद्र उन्हाळ्यापर्यंत बंद. त्यांचंही चूक नाही.

तुम्ही उभा जन्म बांधकामांवर देखरेख केलीत. हे छत पडणार नाही, हे मुलांना कसं पटवू ते सांगा.

गुडघ्याला तेल लावता ना? उत्तराची वाट पाहते.

तुमची,
छकुली

१२ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू बत्तीस वर्षांची झालीस तरी मला पत्रावर दुसरं नाव घालवत नाही, चालवून घे. तेलाची चौकशी तू केलीस आणि बोलणी मला खावी लागली. तुझी मामी म्हणते, की पोरीला एवढ्या लांबून कळतं ते या माणसाला घरात बसून कळत नाही.

आता कामाचं. तू मला विचारतेस, मुलांना कसं पटवू. मी म्हणतो, आधी त्यांना विचार. भीती वाटते का, असं विचारू नकोस. त्याला सगळी नाहीच म्हणतील. सभागृहाचा नकाशा काढायला लाव आणि जिथे बसायला नको वाटतं तिथे फुली मारायला सांग. प्रत्येकानं आपापला काढायचा, शेजाऱ्याचं बघून नाही.

फुल्या सगळीकडे विखुरलेल्या निघाल्या तर ती मनातली भीती, तिला वेळ लागेल. एकाच जागी निघाल्या तर मला कळव.

सरांना आणि मावशींना नमस्कार. जेवत जा.

तुझा,
मामा

१८ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नकाशे काढून झाले. बेचाळिसांपैकी एकतीस जणांची फुली एकाच जागी आहे: उत्तरेकडची भिंत, मागच्या दाराजवळ.

सर म्हणाले, एकानं सांगितलं असेल आणि बाकीच्यांनी री ओढली असेल. मलाही तसंच वाटलं. मग मी आमच्या शंकाबाईंना विचारलं. ही अकरा वर्षांची आहे. धाकट्या भावाचा हात क्षणभर सोडत नाही आणि दिवसाला पन्नास प्रश्न विचारते, म्हणून मावशींनी तिला हे नाव ठेवलंय. ती म्हणाली, की ती भिंत दुपारी बोलते. बारीक टक्‌टक् आवाज येतो. त्यांच्या घराची भिंतही पडायच्या आधी चार दिवस अशीच बोलत होती. तिनं घरी सांगितलं होतं, पण आजोबा म्हणाले होते की उंदीर असतील. आजोबा त्यातच गेले, मामा.

मी तिला म्हटलं, जुनं लाकूड उन्हानं तडकतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भावाला घेऊन निघून गेली. तेव्हापासून माझं मन मला खातंय. मागचं दार हल्ली जमिनीला घासतं, हेही आज लक्षात आलं. बाहेरून भिंतीवर एक चीर आहे, बोटभर लांबीची समजत होते. गवत बाजूला केलं तर ती पार पायापर्यंत गेलेली. साहेबांनी पाहिली असेलच ना?

मामींना सा. न. तुमच्या उत्तराखेरीज आता मला काही सुचणार नाही.

तुमची,
छकुली

२१ फेब्रुवारी

चि. छकुलीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितोय. हे पत्र पोचताच सभागृहाला कुलूप लाव. मावशींची चूल आत असेल तर तीही बाहेर काढ.

मग एक गवंडी बोलाव आणि त्याला एकट्यालाच बाहेरच्या बाजूनं भिंतीजवळ जाऊ दे. चिरेवरचा रंग खरवडून, चिरेच्या आडवी पातळ काचेची पट्टी बसवायला सांग, दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की करून. अशा चार पट्ट्या, वर-खाली. प्रत्येकीवर तारीख. भिंत स्थिर असेल तर काच तशीच राहील. हलत असेल तर फुटेल. काच कोणाची भीड धरत नाही. इंजिनीअरसाहेबांनाही लगेच कळव, पण भांडू नकोस. त्या आठवड्यात त्या माणसानं दोनशे इमारती पाहिल्या असतील, आणि चिरा नंतरही वाढतात.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. मी नोकरीत असताना एका इमारतीच्या पायाच्या खोदकामावर एक मजूर मला म्हणाला होता, की साहेब, माती कुजबुजतेय. मी त्याला हसलो. दुपारी खड्ड्याची कड ढासळली. त्याचा पाय गेला. निवृत्तीनंतर मी कुठल्याही कामावर पाऊल ठेवलं नाही, त्याचं कारण गुडघा नव्हे. तुझ्या मामीला ठाऊक आहे.

त्या मुलीला सांग, मामांनी तुझं ऐकलं.

तुझा,
मामा

३ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चारांपैकी दोन काचा तिसऱ्या दिवशी फुटल्या. मुलांना आम्ही बांधलेल्या दोरीपलीकडूनच दिसलं. इंजिनीअरसाहेब तासाभरात आले. फुटलेल्या काचांवरच्या तारखा पाहिल्या, मग दारावरचा आपला कागद त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. जाताना शंकाबाईंसमोर थांबून म्हणाले, की माझी पाहणी पुरी पडली नाही, तू सांगितलंस ते बरं केलंस.

सभागृह गेलं. मदत कार्यालयाच्या बाई म्हणाल्या, दुसरी जागा हाताशी नाही. पंधरा दिवसांत नाही मिळाली तर मुलांना वेगवेगळ्या गावच्या वसतिगृहांत पाठवावं लागेल. मी पायरीवर बसून रडले, तुमच्यापासून काय लपवू.

गंमत अशी, की मुलं मुळीच हिरमुसलेली नाहीत. आपलं खरं निघालं म्हणून त्यांना पंख फुटलेत. परवा टोळी करून आली आणि म्हणाली, आम्ही जागा शोधलीय. बस दुरुस्त करण्याची एक शेड आहे, डेपोच्या मागे, दोन वर्षं बंद. मी काही उत्तर देण्याआधीच शंकाबाईंनी तुम्हाला परस्पर चिठ्ठी लिहिली. सोबत जोडलीय. शुद्धलेखन तिचंच, मी हात लावलेला नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
छकुली

(सोबतची चिठ्ठी)

ती. मामांना,
नमसकार.

शेड मोठी आहे. लोखंडाचे बारा खांब आहेत. भिंती तीनच आणि त्या पत्र्याच्या. वर पण पत्रा आहे. पत्रा पडला तर लागेल पण मरणार नाही असं मला वाटतं. बरोबर का. तीन खांबांचे बोल्ट गंजलेत, मी मोजले. डेपोचे मेस्त्री म्हणाले बदलता येतील. मी भावाला आत नेऊ का. ताई म्हणतात मोठ्यांनी बघितल्याशिवाय नाही. पण मोठ्यांनी ते सभागृह पण बघितलं होतं. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्हाला छताखाली भीती वाटते का. खरं सांगा.

७ मार्च

चि. शंकाबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खरं विचारलंस, म्हणून खरं लिहितो. कुठलंही छत कधीच पडणार नाही, असं वचन कोणी देऊ शकत नाही. मीही नाही. पण हलकं छत जड छतापेक्षा बरं, एक अख्खी बाजू मोकळी असलेली, पटकन बाहेर पडता येणारी जागा त्याहून बरी, आणि काय बिघडलंय ते मोजून सांगणारं माणूस जवळ असणं सगळ्यांत बरं. बोल्टांचं तुझं म्हणणं बरोबर आहे. खांबांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या आहेत का, तेवढं बघून ठेव. लांबूनच.

हो, मला भीती वाटते. छताखाली नाही, पण दुसऱ्याच्या जिवाची हमी घ्यायची वाटते. तरी गुरुवारच्या गाडीनं येतोय. आपण दोघं मिळून बघू. तोवर भावाला आत नेऊ नकोस. ताईला सांग, मला वरची बर्थ मिळालीय, त्यामुळे पोचेपर्यंत गुडघ्याची चौकशी करू नये.

तुझा,
मामा

२४ मार्च

ती. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं माणूस सुखरूप आहे. दोन दिवसांसाठी आलेलं, आज बारावा दिवस. तेलाची बाटली उघडलेली नाही, हे मी मुद्दाम कळवतेय.

मामा, इंजिनीअरसाहेब आणि शंकाबाई अशी तिघांची तपासणी चार दिवस चालली. मामा प्रत्येक खांबाशी थांबून तिला विचारायचे, तुला काय दिसतं. साहेब वहीत टिपून घ्यायचे. तीन खांबांचे बोल्ट बदलले, दोन तिरक्या पट्ट्या नव्यानं बसवल्या. डेपोच्या मेस्त्रींनी ते काम सुटीच्या दिवशी येऊन केलं. चौथ्या बाजूला भिंत घालायची नाही असा मुलांनी निर्णय दिला, म्हणून तिथे जाड पडदे आहेत. बाईंनी येऊन पाहिलं आणि केंद्र चालू ठेवायला मंजुरी दिली. जाताना म्हणाल्या, की ब्लँकेटांना आमच्या कार्यालयाच्या अंगणातला मांडवही चालेल.

पहिल्या दिवशी वाऱ्यानं पत्रा खडखडला आणि सगळी जागच्या जागी थिजली. शंकाबाई वर बघून म्हणाली, हा पत्रा आहे, हा असाच वाजतो. मग सर पुढचं चित्र फळ्यावर काढू लागले.

आणि तुम्हाला बातमी लागलीच असेल, काल सकाळी अकराला हलका धक्का बसला. रोजच्या सरावात ठरल्याप्रमाणे मोठ्यांनी लहानांचे हात धरले, पडदे सारले आणि वीस आकडे मोजायच्या आत सगळी मोकळ्यावर. कोणी किंचाळलं नाही. दोन लहानगी रडत होती, त्यांना मावशींनी कडेवर घेतलं. हजेरी घेतली, बेचाळीस भरली. साहेब धावत आले, खांब आणि बोल्ट पाहून हरकत नाही म्हणाले. तरी मी मनात धरलं होतं, की आता आजपासून पुन्हा अंगणच.

मग शंकाबाईंच्या भावानं तिचा हात सोडला, म्हणाला माझं चित्र आत राहिलंय, आणि चालत गेला. एकटा. ती बघत राहिली, मग त्याच्यामागे गेली. तिच्यामागे एकेक करत सगळी. पाच मिनिटांत बाहेर उरलो मी आणि मामा.

मामा पडद्याजवळच्या खांबाला हात लावून उभे होते. शंकाबाई परत बाहेर आली आणि त्यांना म्हणाली, की आत बसायला जागा धरलीय, चला. मामी, मी लहानपणापासून मामांना पाहतेय, पण त्यांना असं कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं. चष्मा पुसला, तिच्यामागून आत गेले आणि जेवणाची वेळ होईपर्यंत लहानग्यांच्या रांगेत मांडी घालून बसले.

आता ते म्हणतात, सभागृहाची भिंत उतरवून नवी बांधायची आहे, साहेबांना जोडीला कोणीतरी हवंय, आणखी दोन महिने राहू का, हे तुझ्या मामीला विचारायचं कसं. विचारायला धजत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं ऐकाल तर परवानगी देऊ नका. तुम्हीच इकडे या. मावशींना मदत हवीच आहे, आणि मुलांना मामी पाहायच्यात.

वाट पाहणारी,
तुमची छकुली