सिवनीच्या अलीकडे

२४ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली! लहानशी, पांढरी, आवाज शून्य. जबलपुरात आमच्या चेरीतालच्या गल्लीत गाई हलतच नाहीत, मागे गाडी आहे हे त्यांना कळत नाही.

शोरूममध्ये मी महिनाभराची नोंद घेऊनच गेलो होतो. चौतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढली, मोजल्याशिवाय मी काही पास करत नाही. भाजी, बँक, प्रतिमेची फिजिओथेरपी – दिवसाला सरासरी अठरा किलोमीटर. तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, फिर बड़ी बैटरी का क्या करेंगे?" मला तर पटलेलंच होतं. प्रतिमा एकच शब्द बोलली, "नागपूर?" मी म्हटलं, वर्षातून एकदा तुझ्या ताईकडे जायला रोज मोठी बॅटरी कोण वागवतं?

गाडी मात्र तिच्या नावावर केली. फॉर्मवर मोबाईल नंबरही तिचाच. तेवढाच माझा मोठेपणा.

८ डिसेंबर, रविवार

नागपूरहून साडूंचा, शांतारामजींचा फोन. कुमुदताईंचं विसरणं वाढलं आहे. "अजून प्रतिमाचं नाव घेऊन राहिली. होईल तितक्या लवकर येऊन जा."

कुमुदताई प्रतिमेची थोरली बहीण. आई लवकर गेली, प्रतिमेची वेणीफणी, शाळा, सगळं तिनंच केलं. पण कमरेच्या ऑपरेशनपासून प्रतिमेला बस-रेल्वे सोसत नाही. तासातासाने उतरून चार पावलं टाकावी लागतात. म्हणून तर गाडी घेतली!

नागपूर पावणेतीनशे किलोमीटर. एका चार्जमध्ये गाडी खरी चालते एकशे नव्वद. मध्ये सिवनीला चार्जर आहे म्हणतात. "मग काहून अडतं?" प्रतिमा म्हणाली. मी म्हटलं, आधी एकटा जाऊन तपासून येतो.

१२ डिसेंबर, गुरुवार

खरं इथेच लिहितो.

लखनादौनपर्यंत ठीक गेलो. पुढे ट्रक मागून यायचे, गाडी हलायची आणि पडद्यावरचा उरलेल्या पल्ल्याचा आकडा दगडावरच्या किलोमीटरपेक्षा भराभर उतरायचा. साठ. पंचेचाळीस. हीटर बंद केला, रेडिओ बंद केला. एका ठिकाणी कडेला थांबलो तर हात स्टिअरिंगवरून सुटेनात. सदुसष्ट वर्षांचा माणूस, हायवेला असा भ्यालो!

सिवनीचा चार्जर उत्तम चालू होता. ढाब्यामागेच आहे. तास-सव्वा तासात गाडी भरली. तिथून नागपूर फक्त सव्वाशे. गाडीत काही म्हणता काही खोट नव्हती.

घरी येऊन म्हणालो, "लखनादौनहूनच फिरलो. सिवनीचा चार्जर बंद पडलाय म्हणे." प्रतिमेने चहा दिला. कप बशीवर वाजायला लागला तेव्हा तिने तो माझ्या हातातून काढून खाली ठेवला. म्हणाली, "थंडी आहे."

चौतीस वर्षांत खोटा शिक्का मारला नव्हता.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचे लाडू कुरिअरने नागपूरला पाठवले. प्रतिमेने पत्ता सुबक अक्षरात लिहिला. बांधून ठेवलेली तिची बॅग अजून कपाटाखाली आहे, झाडू मारताना ती ओढून परत आत सरकवते. चार्जरबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. – हेही खोटंच. विचारलं असतं तर मी दुसरी थाप मारली असती.

आजची गाडी: अकरा किलोमीटर. ही नोंद मी अजून ठेवतो! कोणाला दाखवायला?

९ फेब्रुवारी, रविवार

फोन स्पीकरवर होता. प्रतिमा म्हणाली, "ताई, मी बोलते." तिकडून कुमुदताई शांतारामजींना विचारत होत्या, "कोण बोलून राहिली?"

प्रतिमेने नाव सांगितलं. परत सांगितलं. मग फोन ठेवून तिने ओटा पुसला. पुसलेलाच होता.

माझ्या भित्रेपणाच्या दोन महिन्यांत प्रतिमा त्या बाईच्या डोक्यातून गेली. कुठल्या तोंडाने जेवलो कोण जाणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

धीर केला. पण अर्धाच. म्हणालो, "सिवनीचा चार्जर सुरू झाला म्हणतात. शनिवारी निघू."

"अच्छा," प्रतिमा म्हणाली. "चलो, बरं झालं." आणि बॅग काढायला वाकली. मी म्हटलं, मी काढतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार, नागपूर

पोचलो. भीती वाटलीच, पण ती शेजारी होती. "हळू चला, कोणी मागे लागलं नाही," असं दोनदा म्हणाली. सिवनीला गाडी भरेपर्यंत ढाब्याभोवती फिरली. आल्याचा चहा घेतला. इतकं सोपं होतं!

कुमुदताईंनी मला "या जावई" म्हटलं. प्रतिमेकडे बघून विचारलं, "या कोण?" शांतारामजी मान खाली घालून म्हणाले, महिन्यापूर्वीपर्यंत ओळखलं असतं.

प्रतिमा रडली नाही. फणी मागितली आणि ताईंच्या मागे बसून वेणी घालत राहिली. ताई शांत बसल्या. त्यांना बरं वाटत असावं. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो.

प्रतिमेला कधीही कळू देणार नाही. हे ओझं माझं एकट्याचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जबलपूर. गाडीच्या विम्याचा मेसेज हवा होता म्हणून प्रतिमेचा फोन घेतला. शोधत मागे गेलो तर गाडीचाच एक मेसेज. १२ डिसेंबर, दुपारी एक चाळीस: 'सिवनी. चार्जिंग पूर्ण.'

फोन तसाच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिने एकदा पाहिलं आणि पोळी उलटली.

"माहीत होतं," म्हणाली. "तुमचे हात किती थरथरून राहिले होते त्या दिवशी. म्हटलं, सांगतील."