उरलेल्या एका सिगारची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, सिगारच्या कारखान्यात उभा जन्म सिगार चाखून निकाल देणारा माणूस, आज शुद्धीवर आहे. जे लिहितो आहे ते मला समजते आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही. बायकोचा आहे, पण तो कायद्यात धरत नाहीत असे वकीलबाई म्हणतात. फुप्फुसांनी हात टेकले आहेत. ज्या धुराने पोसले तोच न्यायला आला, तर तक्रार कोणाकडे करायची?

कलम एक. राहते घर आणि बँकेतील सगळी ठेव माझ्या पत्नीस मिळावी. त्यावर दुसऱ्या कोणी हक्क सांगू नये. सांगणारे कोणी उरलेलेही नाही. आमची एकुलती एक लेक, भिंगरी म्हणायचो तिला, कारखान्यात सिगार वळायची. कामावरून येताना रस्त्यात गाडीने उडवले आणि संपली. मृत्युपत्र बापाने मुलांसाठी लिहायचे असते. मी ते कोणासाठी लिहितो आहे, हे मला अजून नीटसे कळलेले नाही.

कलम दोन. सिगारचे टोक कापायची माझी कातर आणि देवदाराची पेटी लेकीच्या शेजारी बसून सिगार वळणाऱ्या बाईंना द्यावी. तिच्या जागेवर त्यांनी बरेच दिवस कोणाला बसू दिले नव्हते. मालकांनी निरोपाला दिलेले घड्याळ मालकांना परत करावे. माझी शोकसभा घेऊ नये. मालक बोलायला उभे राहिले की पेटलेली सिगारही कंटाळून विझते.

कलम तीन. जाड बुडाचे दुधाचे पातेले कोणालाही देऊ नये, मोडीतही काढू नये. लहानपणी भिंगरी त्यातली खरवड चमच्याने खरडून खायची. तो आवाज ऐकून आमची ही ओरडायची, आणि पुढच्या वेळी दूध मुद्दाम जरा जास्त आटवायची. पातेले जिथे टांगले आहे तिथेच राहू द्यावे.

कलम चार. माझ्या मेहुण्याविषयी. हा पत्नीचा धाकटा भाऊ, कारखान्यात सगळ्यांचा मामा. चाखायला त्याला मीच शिकवले. एका तापात माझ्या नाकाचा वास आणि जिभेची चव गेली, तेव्हा माझी खुर्ची त्याला मिळाली. त्याबद्दल काही नाही. पण भिंगरीने स्वतःच्या डोक्याने पाने निवडून एक नवी सिगार केली होती. बाहेरचे पान जवळजवळ काळे, तेलकट, पोटात कडक पाने. ती परीक्षेला गेली. परीक्षेच्या सिगारवर नावाची पट्टी नसते, त्यामुळे कोणी वळली हे चाखणाऱ्याला माहीत नसते. मामाने शेरा दिला: उग्र, करणाऱ्याला संयम नाही, नापास.

आमच्या खोलीचा रिवाज असा की चाखणारा सिगारच्या तीन भागांपैकी दोन ओढतो आणि तिसरा टाकून देतो. पुढच्या सिगारसाठी जीभ राखायची असते. काळ्या पानाची सिगार शेवटी कडवटच होते, हे आम्ही सगळे धरून चाललेलो. भिंगरी यावर भांडायची. म्हणायची, "बाबा, तुम्ही लोक शेवट न बघताच निकाल देता." मामाने सगळे नियमाने केले. म्हणून तर मला त्याला धड शिव्याही देता येत नाहीत. ती गेल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही.

कलम पाच. तीच सिगार तिने माझ्यासाठी आणखी एक वळली. नापास झाल्यावर. हातात देऊन म्हणाली, "जीभ परत आली की ओढा. पण शेवटपर्यंत ओढा हं." डॉक्टरांनी आशा दाखवली होती. जीभ आली नाही, पोर गेली. सिगार पेटीत मुरत पडली आहे. पुष्कळदा काढून हुंगली, पण मला काडी हुंगल्यासारखेच. तिने काय केले होते ते मी न कळताच मरणार, याचे दुःख मला मरणापेक्षा मोठे आहे. ती सिगार मेहुण्यास द्यावी. त्याने ती शेवटपर्यंत ओढावी आणि मग जन्मभर काय ते भोगावे.

इथवर लिहून झाले. साक्षीदार म्हणून शेजारचे शिंपी आले, आणि दुसरा म्हणून पत्नीने मला न विचारता मामालाच बोलावले. वकीलबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिले तरी ते रद्द ठरते. मी म्हणालो, मग दुसरा साक्षीदार बघा. तेव्हा पत्नी म्हणाली, "मग आत्ताच द्या ना. तो काय म्हणतो ते तुम्हालाही ऐकू येईल."

मामा माझ्याकडे बघत राहिला. मी पेटी पुढे सरकवली.

त्याने कापली, पेटवली. पहिल्या भागाला म्हणाला, मिरी, जळकी कॉफी. दुसऱ्याला म्हणाला, उग्र आहे, दाजी, खोटं नाही सांगत, आजही नापासच करीन. मग सवयीने त्याचा हात बशीकडे गेला आणि त्याने सिगार ठेवून दिली. मी म्हणालो, "उचल."

त्याने उचलली. बोटांना चटका बसेपर्यंत ओढत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि इतकी वर्षे धूर खाल्लेल्या माणसाच्या डोळ्यांत धुराने पाणी येत नाही.

"काय आहे?" पत्नीने विचारले.

"खरवड," तो म्हणाला. "दुधाची खरवड आहे, ताई. तिने ती शेवटी ठेवली होती."

ती चव मला कळायला जीभ लागत नाही. ती मला पाठ आहे. पत्नी उठून स्वयंपाकघरात गेली, आणि पातेले खाली काढल्याचा आवाज आला.

सबब कलम पाच रद्द. वस्तू शिल्लक नाही. कलम चारमधला राग मामावरून काढून घेत आहे. तो आता कोणावर ठेवायचा ते ठरलेले नाही.

सही: भिंगरीचा बाप

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी
साक्षीदार दुसरा: मेहुणा. यास या मृत्युपत्राने काहीही मिळालेले नाही.

तारीख: वकीलबाई घालतील.
स्थळ: राहते घर, पुढची खोली. खिडकी बंद आहे. धूर अजून आत आहे, आणि ही उघडू देत नाही.