न भाजलेला कोपरा

आबा, रोपाच्या वाफ्यातला तो कोपरा मी भाजू दिला नाही, त्याची माफी मी आजही मागणार नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, माझे केस पिकले, पण मत तेच आहे.

बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन-तीन वर्षांची गोष्ट. मी आठवीत, मार्गासनीला चालत शाळेला जायचे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर तुम्ही दर उन्हाळ्यात शेण, ऐनाचे टहाळे, पालापाचोळा असा राब रचायचात आणि पेटवून द्यायचात. त्या वर्षी मी आडवी आले. म्हटलं, वरच्या रानात कोणी काही भाजत नाही, तरी झाडांखालची माती काळीभोर, भुसभुशीत. तिथला पाला गांडुळं खातात, त्याची माती करतात. आपण तोच पाला धूर करून आभाळात धाडतो.

तुम्ही कपाळाला हात लावलात. "गांडुळं शेती करत्यात व्हय? न भाजल्या जागंत तणच माजंल." मग म्हणालात, "घे त्यो कोपरा. पर तण माजलं तर शाळा बंद. गुरं राखायची."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "चालंल."

रानातला कुजका पाला पाट्या भरभरून आणला, पसरला. पावसाळा लागला तशी त्यात गांडुळं वळवळू लागली. लावणीच्या सकाळी तुम्ही माझ्या कोपऱ्यातली मूठभर रोपं उपटलीत. मुळांच्या मातीत दोन गांडुळं होती. ती बोटानं सोडवून तुम्ही चिखलात ठेवलीत आणि म्हणालात, "शाळंला उशीर व्हतोय तुला."

पुढच्या वर्षी मात्र माझ्या कोपऱ्यासकट अख्खा वाफा भाजलात. त्याचा राग अजून आहे. आज शेत माझ्या हातात आहे आणि मी काडी लावू देत नाही. भावकी हसते, हसू दे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तण आलं होतं, आबा. लई आलं होतं. रोज शाळेला थोडं आधी निघून मी ते उपटायचे आणि ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत टाकायचे. गुरं तुम्ही रोज त्याच ओढ्यावर पाण्याला न्यायचात. तो ढीग तुम्हाला दिसलाच असणार. माझी शाळा तुम्ही तरीही बंद केली नाहीत.