पांढरी साल

प्रिय वन्सं,

हो, तुला चिडवायलाच असं लिहिलंय. आधी तू माझी मैत्रीण होतीस, मग तुझ्या दादाचं हे रत्न माझ्या गळ्यात बांधून नणंद झालीस. तेव्हा अधूनमधून एवढं ऐकून घ्यावंच लागेल. पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते तसंच बाजूला ठेवलं असशील. घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. मी स्वयंपाकघरात समोरच्या स्टुलावर पाय ठेवून बसलेय, हाताशी आपलं संत्र्या-लिंबाचं कॉकटेल आहे आणि कितीतरी महिन्यांनी माझा जीव भांड्यात पडलाय. सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील, हिची गोष्ट नेहमी शेपटापासून सुरू होते.

तुझा दादा कसा आहे हे तुला मी काय सांगावं! लिफ्ट तपासणारा माणूस. दोरखंड, ब्रेक, दारं, सगळ्यांत खोट शोधायची आणि मगच सही करायची, हा त्याचा धंदा. घरी आला तरी तो काही बंद व्हायचा नाही. सूप खारट, पाव कोरडा, कॉफी उकळून उकळून मेलेली. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला मी दिवसभर खपून जेवण केलं होतं, त्यावर त्याचा शेरा काय, तर "खाली थोडं लागलंय." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते. आणि लागलं होतंच गं, हीच तर चीड होती! तोंड वाकडं करायचा, पण चुकायचा कधी नाही.

गळ्याचं रेडिएशन संपलं, गाठ गेली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि माझ्या घरी एक भलताच सभ्य माणूस राहायला आला. पुढ्यात काहीही ठेवा, "छान झालंय." चार घास खायचे, छान म्हणायचं आणि ताट हळूच बाजूला सारायचं. आधी मी हुरळून गेले. म्हटलं, आजाराने माणूस सुधारला. मग एका दुपारी सुपात मीठच घालायला विसरले. माझा पहिला चमचा मला घशाखाली उतरेना आणि समोर हा "छान" म्हणत चमचा फिरवत होता. तेव्हा कळलं, त्याच्या जिभेला काही म्हणजे काही लागत नव्हतं. कापूस चावावा तसा तो जेवत होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलत होता. वजन उतरतच होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर पुन्हा नाकातून नळी घालावी लागेल. दवाखान्याच्या जिन्यात तो मला म्हणाला, "नळी आता नाही. काय व्हायचं ते होऊ दे." अगदी शांतपणे म्हणाला. मी नुसतं "बघू" म्हटलं आणि घर येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही.

तोंडातल्या जखमा भरल्या होत्या. आता आंबट द्या, लाळ सुटेल, असं बाईच म्हणाल्या होत्या. म्हणून मला आपलं कॉकटेल आठवलं. वसतिगृहात आपण दात घासायच्या ग्लासांतून प्यायचो आणि वॉर्डनला सरबत म्हणून सांगायचो, तेच. आता मी जरा नीट करते. संत्र्याची आणि लिंबाची वरची रंगीत साल तेवढी पातळ सोलून घ्यायची आणि साखरेत बोटांनी चुरून ठेवायची. सालीतलं तेल सुटलं की साखर ओली होते आणि घरभर वास सुटतो. मग दोन्हींचा रस, चिमूटभर मीठ आणि बर्फ झाकणाच्या बरणीत घालून बोटं बधिर होईपर्यंत हलवायचं, गाळायचं, वरून सोडा. माझ्या ग्लासात एक टोपण जिन, धीर यावा म्हणून. त्याच्या ग्लासात थेंबही नाही, त्याला सक्त मनाई आहे. दर रविवारी दुपारी मी दोन ग्लास घेऊन खिडकीशी बसायची. तो घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "छान."

तुला माझं चष्म्याचं दुकान माहीत आहे. रोज डोळे तपासते, त्यामुळे खोटं बोलणारी गिऱ्हाइकं मला लांबून कळतात. काही जण मला बरं वाटावं म्हणून, हो हो, आता स्वच्छ दिसतंय, म्हणतात. अशांना मी तीच काच काढून पुन्हा तीच लावते आणि विचारते, आधीची बरी की ही? मग ते बिचारे पटकन "ही" म्हणतात. एका रविवारी मी तुझ्या दादालाही तसंच पकडलं. एकाच बरणीतून दोन ग्लास भरले आणि यातलं गोड कुठलं, असं विचारलं. त्याने दोन्ही चाखले, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मी हसून "बरोबर" म्हटलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. त्यानंतर परीक्षा बंद. नुसतं करत राहिले, कारण करणं थांबवलं असतं तर त्याला सगळं समजलं असतं.

मागच्या रविवारी मात्र मजा झाली. माझा चष्मा मी शनिवारी दुकानातच विसरून आले होते. हस, हस! जगाला चष्मे वाटणारी बाई स्वतः आंधळी कोशिंबीर खेळत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यात सोलाणं सापडेना, म्हणून सुरीनेच साली काढल्या. बाकी सगळं नेहमीसारखं. तो खिडकीशी बसला होता. घोट घेतला. आणि वन्सं, त्याच्या कपाळाला ती जुनी आठी पडली! ग्लास उजेडात धरून त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, "यात पांढरी साल आलीय. मागाहून कडू लागतंय." मी माझा ग्लास तोंडाला लावला. खरंच कडू होतं. नुसतं कडू नाही, मागाहून कडू, त्याने सांगितलं होतं अगदी तस्संच. तो आपला पुढे चालूच, बर्फ जास्त झालाय, ग्लासाला साबणाचा वास येतोय, तुझं लक्ष कुठे असतं? मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले, मग रडले, मग पुन्हा हसले. तो घाबरला. म्हणाला, इतकंही वाईट नाही झालेलं. आणि मग त्याच्याही लक्षात आलं. ग्लास खाली ठेवून तोही माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसला. उठताना त्याने तो कडू ग्लास रिकामा केला.

या आठवड्यात माझी कशी उलटतपासणी झाली म्हणून सांगू! पाव शिळा, अंडं जास्त उकडलंय, चीजला काही दमच नाही. नावं ठेवतो आणि खातो, दुसऱ्यांदा मागून खातो. काल दवाखान्यात गेलो. काटा पहिल्यांदाच वर सरकलाय. गळा स्वच्छ आहे. बाईंनी नळीचा विषय काढलाच नाही. मीच विचारलं, तर म्हणाल्या, आता कशाला? जिन्यातून उतरताना हा मला सांगत होता की त्यांच्या लिफ्टचं दार नीट लागत नाही, मी तक्रार करणार आहे. मी म्हटलं, कर बाबा, अवश्य कर.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू हल्ली दुकानाच्या फोनवर मला विचारतेस, घरी करत नाहीस. कारण मला माहीत आहे. तू त्याच्या वाढदिवसाला लिंबाचा केक घेऊन आलीस, तुझा केक नेहमीसारखा मध्ये बसलेला होता, आणि दादा म्हणाला, "सुंदर झालाय गं." तू दारात माझा हात धरून रडलीस. म्हणालीस, "जन्मात कधी मला चांगलं म्हटलं नाही त्याने. हा निरोप घेतोय माझा." त्यानंतर तू आलीच नाहीस. मी फोनवर काहीही सांगितलं असतं तरी तुला वाटलं असतं, ही गिऱ्हाइकाला देते तसा धीर देतेय. म्हणून काल रात्री जेवताना त्याला सांगितलं, मी तिला येत्या रविवारी बोलावतेय. त्यावर तो जे बोलला ते मी लगेच जसंच्या तसं लिहून घेतलं, एक शब्द माझा नाही. "ये म्हणावं. पण केक आणू नकोस म्हणावं. तिला तो कधीच जमला नाही, माझ्या वाढदिवसाला तर नुसता लगदा होता, मला दिसत होतं की. माझ्या बहिणीला हात हलवत यायला सांग."

तुझीच,
आधी मैत्रीण, मग वहिनी