डबल बेड आणि दोन मावसभाऊ

५ मे, सोमवार
ठरलं. तेवीस तारखेला निघायचं, चार दिवस. शहर मोठं, आपल्याला तिथे कुत्रं ओळखत नाही, आणि आपल्यासारख्यांसाठी तिथे एक अख्खी गल्ली आहे म्हणे. बार, कॅफे, हॉटेल, सगळं गे-फ्रेंडली.
हे सगळं मास्तरसाठी. नऊ वर्षं आम्ही एकत्र राहतो, पण माणूस भिडस्त. शाळेत गणित शिकवतो, बोलतो मोजकं. लोकांना काय सांगायचं ते मलाच बघावं लागतं. हे घर भाड्याने घेताना खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना ‘आम्ही मावसभाऊ’ असं मीच प्रसंगावधान राखून सांगितलं. मास्तर तेव्हा माझ्याकडे नुसता बघत राहिला. कृतज्ञता, दुसरं काय.
संकल्प: सहलीत लपवाछपवी बंद. बिस्किटं बंद. नाइटलाइफच्या सरावासाठी रोज बारापर्यंत जागायचं.
रात्री ९.४०. डोळे मिटतायत. बाराचं उद्यापासून.

७ मे, बुधवार
नाइटलाइफचा तक्ता केला. रकाने: जागा, संगीत, गर्दी, बसायला खुर्ची आहे का, टॉयलेट किती लांब. मास्तरला दाखवला. म्हणाला, खुर्चीचा रकाना सगळ्यात रुंद आहे. प्लॅनिंग म्हणजे काय हे त्याला समजावलं. तो वह्या तपासत होता, मान हलवली.
बिस्किटं दोन. तुटकी होती, धरली नाहीत.

१० मे, शनिवार
जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये नाचाचा सराव. आमची लॅब कवळ्या बनवते, त्यामुळे फरशीवर कायम प्लास्टरची भुकटी. दुसऱ्याच गिरकीला घसरलो, टेबलाला धरलं, टेबलावरून कोणा आजोबांचा खालचा जबडा पडून दोन तुकडे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांनी आमची फरशी पाहिलेली नाही. जबडा पुन्हा केला. पहिल्यापेक्षा बरा झाला.

१४ मे, बुधवार
आज हॉटेलला फोन. वाक्य पाठ केलं होतं: आम्ही जोडपं आहोत, डबल बेड हवा. फळीवरच्या अकरा कवळ्यांसमोर तीनदा म्हणून बघितलं. एकही हसली नाही.
फोन लागला. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, बेड एक की दोन. नेमका तेव्हाच शेजारच्या टेबलावरचा सहकारी मेण मागायला आला. मी म्हणालो, जे असेल ते. ते म्हणाले, दोन्ही आहेत. मी म्हणालो, दोन.
घाबरलो वगैरे नाही. माझी पाठ दुखते, एवढंच. शिवाय दोन बेड जोडता येतात.
मास्तरला सांगितलं, बुकिंग झालं. तपशिलात शिरलो नाही.

१७ मे, शनिवार
गच्चीवर बॅगांना ऊन देत होतो. घरमालकीणबाई कपडे काढायला आल्या, विचारलं कुठे निघालात. मी म्हणालो, दातवाल्यांची कॉन्फरन्स. आणि मास्तर? म्हणालो, नमुन्यांची पेटी उचलायला कोणीतरी हवं ना.
मास्तर धुण्याची बादली घेऊन मागेच उभा होता. त्याने चादर पिळली, जरा जास्तच, आणि वाळत घातली. रात्री जेवताना म्हणाला:
“तू तिथे चार दिवस धीट होणार. पाचव्या दिवशी मी परत मावसभाऊ. मग मी येऊ कशाला?”
मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो म्हणाला, नऊ वर्षं मूठ झाकून माझी बोटं आखडलीत. गणिताच्या माणसाला असलं सुचतं कुठून कोण जाणे.
शब्द दिला: हॉटेलच्या रिसेप्शनवर मी स्वतः सांगणार. तो म्हणाला, एकदा सांग, मग पेटी काय, तुलाही उचलून नेतो.

२२ मे, गुरुवार
पॅकिंग पूर्ण. नाइटलाइफसाठी चमकता शर्ट घेतलाय. पोटावरची तीन बटणं लागत नाहीत. उघडाच घालायचा असतो म्हणे.
दोन बेडचं मास्तरला अजून सांगितलेलं नाही. तिथे गेल्यावर बदलून घेता येईल. बिस्किटं प्रवासासाठी घेतली, त्यातली निम्मी तपासून पाहिली.

२३ मे, शुक्रवार
हॉटेल छान. दारात सप्तरंगी झेंडा. चालवणारे दोघे म्हातारे, एकमेकांचे नवरे, काउंटरमागे त्यांच्या लग्नाचा फोटो. याहून सोपी जागा जगात नसेल. थोरल्याने हसून विचारलं, आणि हे तुमचे कोण?
मी तोंड उघडलं. आतून आपोआप आलं: मावसभाऊ.
दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. धाकटा समजूतदारपणे म्हणाला की इथे नातेवाईकही येतात, काही हरकत नाही. मग त्याने वहीत बघितलं. दोन बेडची खोली तयार आहे, म्हणाला. मास्तरने बॅग खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाला:
“दोन बेड नकोत. दोन खोल्या द्या. मावसभाऊ फार घोरतो.”
मी अकरा नंबरमध्ये. तो चौदामध्ये.
रात्री ९.१५. प्लॅन: दहा मिनिटं आडवं व्हायचं, चमकता शर्ट घालायचा, चौदाचं दार वाजवायचं, त्याला तक्त्यातल्या पहिल्या बारमध्ये न्यायचं, नाचता नाचता माफी मागायची.

२४ मे, शनिवार, सकाळी ७
शर्ट घातलेल्या अवस्थेत जाग आली. एक बाही घालायची राहिली होती.
खाली मास्तर दोघा म्हाताऱ्यांबरोबर नाश्ता करत होता. घसा बसलेला. रात्री ते त्याला घेऊन गेले होते, तीनपर्यंत नाचला. मास्तर नाचतो. नऊ वर्षांत मला माहीत नव्हतं. सांगताना इतका हसत होता.
मी म्हणालो, मुद्दामच तुला मोकळीक दिली. त्याने लोणी पुढे सरकवलं.
खरं लिहितो, कोणी वाचणार नाहीये. मला फार भीती वाटली. गल्लीची नाही, लोकांची नाही. तो माझ्याशिवाय इतका हसू शकतो याची.
काउंटरवर जाऊन दोघांना सांगितलं, तो माझा मावसभाऊ नाही. थोरला म्हणाला, हो, रात्री म्हणाले ते. मास्तर म्हणाला, इथे सांगून काय मोठं केलंस, इथे तर झेंडाच लावलाय.
खोल्या दोनच राहिल्या.

२७ मे, मंगळवार
काल परत आलो. बसमध्ये मास्तर खिडकीकडे बघत होता. घरी त्याने बॅग उघडलीच नाही, दाराशी तशीच ठेवली. ती बॅग बघून मला रात्रभर झोप नाही. बारापर्यंत जागलो. पहिल्यांदाच.
सकाळी सातला घरमालकीणबाईंचं दार वाजवलं. म्हणालो, मास्तर माझा मावसभाऊ नाही. आम्ही जोडपं आहोत. घर सोडा म्हणालात तर सोडू.
त्यांच्या हातात दुधाचं पातेलं होतं. म्हणाल्या, मास्तरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मी नळ बघायला वर आले तेव्हा. नसतं सांगितलं तरी नऊ वर्षं गच्चीवर तुमची एकच मोठी चादर वाळतेय, मला काय डोळे नाहीत? तुम्ही मावसभाऊ म्हणालात की हसायचं नाही, असं मीच सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.
वर आलो. मास्तर जिन्यातच उभा होता, सगळं ऐकलं असणार. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाला:
“त्यांना कळायचं राहिलं नव्हतं. तू कधी म्हणतोस, ते बघत होतो.”
मग आत गेला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.
संध्याकाळी म्हणाला, चादर वाळली असेल, आण. मी छाती काढून गच्चीवर गेलो. घरमालकीणबाई तिथेच होत्या. चादर खांद्यावर टाकली आणि मोठ्याने सांगितलं, ही आमची, आमच्या दोघांची.
त्या म्हणाल्या, चादर तुमची, पण चिमटे माझे आहेत. तेवढे ठेवून जा.