राहीबाई फडात, मी म्हशीपाशी

मुक्काम वाडी, विट्याजवळ
१४ मे १९७४

राजश्री मानसिंगराव मेहुणे यांस कोंडीबाचा मनापासून रामराम. इकडे मी, आई आणि म्हैस ठीक आहोत. तुमचा गुडघा आता साताऱ्याचा चढ चढू देत असेल अशी आशा आहे. तुमच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे आमच्या राहीची खुशाली मात्र मला फलटण गाडीच्या कंडक्टरकडून कळते. ती बरी आहे. तो म्हणतो, लय बरी आहे.

तुम्ही चकित व्हाल, म्हणून पहिल्यापासून लिहितो. आकाराम शाहिराच्या फडात मी एकोणीस वर्षं तुनतुनं वाजवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. (मी फडात गेलो त्याच वर्षी आमच्या लग्नात तुम्ही विचारलं होतं, "बाकी काय करता?" त्याचं उत्तर अजून शोधतो आहे.) दसरा झाला की बाहेर पडायचं, गावोगावच्या जत्रांत सवाल-जवाब गायचे आणि मिरगाच्या तोंडावर घरी यायचं, असा आमचा क्रम. यंदा चैत्रात फलटणकडच्या एका जत्रेत आमची गाठ जतकडच्या बिराप्पा शाहिराशी पडली. बिराप्पा अर्धं मराठीत गातो, अर्धं कानडीत, आणि अडला की नुसता डफ वाजवतो. दुपारची वेळ, देवळामागं वडाखाली हजारभर माणूस बसलेलं.

त्याच दुपारी राही मला न्यायला आली. आईचा पाय मुरगळला होता आणि म्हैस आज-उद्या व्यायची होती. एरवी मी 'येतो' म्हणून उलटा निरोप धाडला असता, पण या खेपेला निरोप घेऊन खुद्द बायको आली होती. मी तिला खुणेनं सांगितलं, एवढा सवाल होऊ दे. ती बायकांत जाऊन बसली.

बिराप्पानं सवाल टाकला:

कुंकू कपाळी लखलखतं, धनी जिता हाय,
तरी उंबऱ्यात एकलीच उभी, सांग कोण ती बाय?

 आकाराम शाहिरांनी पागोटं काढलं, घातलं, पुन्हा काढलं. उत्तर पुराणातल्या एका राजाच्या सुनेचं होतं, तिचा नवरा चौदा वर्षं वनात गेलेला, हे मागाहून कळलं. आम्हाला तेव्हा कोणतीच सून आठवेना. तेवढ्यात बायकांतून आवाज आला, जात्यावरच्या चालीत, अगदी सावकाश:

नको धुंडू पोथी शाहिरा, बघ माज्या कपाळाला,
बारा गावच्या जत्रा झाल्या, धनी न्हाई आला घराला.

आणि राहीनं माझ्याकडं बोट केलं.

मानसिंगराव, माणसं हसत होती ती थांबेचनात. मी मान खाली घालून तुनतुनं वाजवत राहिलो, कारण शाहीर थांबला तरी तुनतुनं थांबवायचं नाही ही आमची शिस्त आहे. पण खरं सांगतो, मला लाज नंतर वाटली. आधी वाटलं, हा गळा कुणाचा? (ती पहाटे दळायला बसते तेव्हा मी एकतर फडात असतो, नाहीतर झोपलेला.) बिराप्पा उठून भांडू लागला, की पोथीत उत्तर राजाच्या सुनेचं आहे. दोघा पंचांनी आमच्या लग्नाची वर्षं विचारली आणि निकाल दिला की ती चौदा वर्षांवर सुटली, ही एकोणीस वर्षं उभी आहे, तेव्हा हिचा जवाब वरचढ. नारळ आम्हाला मिळाला. म्हणजे तिला.

आकाराम शाहीर तिथल्या तिथं तिच्या पाया पडले. म्हणाले, "बाई, परवा पुढल्या गावात हाच बिराप्पा हाय. तेवढ्यापुरत्या ऱ्हावा."

"आन् घरी कोण बघंल?" राही म्हणाली.

मग दोघंही माझ्याकडं बघू लागली. मी घरी निघालो, तेव्हा तिनं तुनतुनं माझ्या हातातून काढून घेतलं. त्याला एकच तार असते, त्यात काय एवढं, असं ती कैक वर्षं म्हणत होती. दुर्दैवानं ते खरं निघालं.

परवाला आता पाच आठवडे झाले. इकडे म्हैस व्याली, रेडी झाली. म्हैस माझ्याकडं पाहुण्यासारखं बघते आणि पान्हा सोडत नाही. यात तिचा दोष नाही, आमची ओळखच नव्हती. शेवटी राहीचं जुनं लुगडं अंगावर घेऊन धारेला बसलो, तेव्हा दूध दिलं. (ते शेजारच्या बयाबाईंनी पाहिलं. आता आळी पाहते.) आई रोज उंबऱ्यात बसून विचारते, "राही कवा यायची रं?" मी बाहेर असताना माझ्याबद्दल काय विचारायचीस म्हणून सहज विचारलं. म्हणाली, "तू? तू कवा घरात हुतास?"  त्या संध्याकाळी मीही उंबऱ्यात जाऊन बसलो. तिथं बसलं की गाडीचा आवाज लांबून ऐकू येतो, आणि ती आपली नसते.

तुम्ही थोरले भाऊ. तुमचा शब्द ती मोडत नाही. एक कडक पत्र टाकून तिला घरी धाडावं, ही विनंती. वहिनींना नमस्कार.

आपला,
कोंडीबा

ता. क. वरचं पत्र टाकायला निघालो होतो, तोवर राही स्वतः येऊन गेली. आईचा पाय बघितला, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, लुगड्याबद्दल काही बोलली नाही. ओट्यावर बसून दोन कवनं म्हणून दाखवली. मी तिला थांब म्हणणार होतो, पण म्हणालो, "पुन्हा म्हण." तेव्हा कडक पत्र टाकू नये.

ता. क. दुसरा. आई आता हिंडू-फिरू लागली आहे. म्हणते, "तूबी जा. तू घरात असलास की मला म्हशीचंबी करावं लागतं आन् तुजंबी."

ता. क. तिसरा, आणि मुद्द्याचा. राही पुढं होऊन गाते, तेव्हा तिला हात मोकळे लागतात. तुनतुन्याची जागा रिकामी आहे. फडातली माणसं आता तीच निवडते; मी विचारलं तर म्हणाली, बघू. तरी आपण तिच्याकडं माझी शिफारस करावी. ताल पक्का, व्यसन नाही, पाच आठवडे घर सांभाळल्याचा अनुभव, एवढं लिहावं. मी तिचा नवरा आहे हे मात्र त्यात घालू नये. फडात नातं बघून माणूस घ्यायचा नाही, असा तिनं नियम केला आहे.