धडकेत तुटलेला पाटा

वणी,
रविवार, २२ सप्टेंबर १९६३

प्रिय सत्यभामा,

तुझे पत्र आणि त्यासोबतचा अर्ज मंगळवारी मिळाला. पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवले. दिवेलागणीला वसतिगृहाच्या व्हरांड्यात तुझ्या खोलीतल्या शीलाच्या ट्रंकेला अडखळून तू भरल्या कळशीसकट पडलीस, तिथे ती पोट धरून हसली. मी हसलो नाही. त्याचे कारण पुढे येईल. अर्जावर मी अजून सही केलेली नाही, पण लगेच फुरंगटून बसू नकोस. मजकूर तू झकास लिहिला आहेस. ‘ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीचा मुख्य पाटा आधीपासूनच तुटका होता, त्यामुळे माझा अपघात झाला, सबब मालक देवीलाल शेठ यांनी भरपाई द्यावी.’ वाचून वाटले, पोरीला मास्तरीण करायला यवतमाळला पाठवले आणि ती वकील होऊन परत येते की काय! पण सही करण्याआधी तुला काही सांगायचे आहे. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. इतकी वर्षे ट्रक चालवला, वळणे घेत घेतच येणार.

आधी आनंदाची बातमी. मी तीन महिन्यांपासून अमरसिंग मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये जातो. तुला कळवले नव्हते, कारण काम शिकाऊ होते आणि जमेल की नाही याची मलाच खात्री नव्हती. ठोकलेल्या गाड्या येतात, त्यांचे काय काय मोडले, काय ठोकून सरळ होईल, काय नवीन घालावे लागेल, किती दिवस लागतील, हे सगळे पाहून कागदावर उतरवायचे. त्याला एस्टिमेट म्हणतात. तो कागद नागपूरहून येणाऱ्या विम्याच्या साहेबापुढे ठेवतात. मिस्त्रींच्या हातात जादू आहे, पण लेखणी धरली की त्यांना घाम फुटतो. त्यांचा आधीचा लिहिणारा वर्ध्याला निघून गेला, म्हणून माझ्यासारख्या चौथी पास माणसाची वर्णी लागली. रकाने पाडायला मी तुझीच जुनी वही घेतली आहे. पहिल्या पानावर तुझ्या सातवीच्या गणितांवर मास्तरांचे लाल शेरे आहेत, ते पाहून मला धीर येतो.

आणि पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. दारव्ह्याकडची एक जीप आली होती, तोंड पार आत गेलेले. मी दोन चकरा मारल्या आणि दीड पान लिहिले: जीप भरधाव होती, समोरून बैलगाडी आली, ड्रायव्हर उजवीकडे गेला, तिथेच चुकला, डावीकडे शेत मोकळे होते. मिस्त्रींनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, “नागोराव, तू एस्टिमेट लिहून राह्यला का पंचनामा? चूक कोनाची, हे कोनं इचारलं तुले? मडगार्डचं काय झालं ते सांग ना!” सगळे गॅरेज हसले. पण खरे सांगतो, ड्रायव्हरला ठोकलेली गाडी दाखवली की त्याला मडगार्ड दिसतच नाही. त्याला दिसतो रस्ता, आणि मी असतो तर काय केले असते, हेच दिसते. ती खोड मोडायला मला पंधरा दिवस लागले.

मग हळूहळू डोळा बसला. गाडीभोवती नेहमी डाव्या दिव्यापासून निघायचे आणि फिरून तिथेच यायचे, मधेच कुठे उडी मारायची नाही. जिथे मार आहे तिथे खडूने खूण करायची. चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकली की नाही, हे पाहायला एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणायची, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत तीच सुतळी ताणायची. कमी-जास्त भरली की समजायचे, गाडी आतून वाकडी आहे, वरून कितीही गोजिरी दिसो. सुतळीचे दुसरे टोक मी कधी कधी देवीलाल शेठच्या क्लीनरकडे देतो आणि मला छप्पन साल आठवते. नागपूरला दीक्षेला जाताना ट्रकमध्ये सगळा मोहल्ला पांढऱ्या कपड्यांत बसला होता, आणि तू केबिनमध्ये माझ्या बाजूला बसून मैलांचे दगड मोठ्याने वाचत होतीस. अकरा वर्षांची होतीस. एक दगड सुटला तर मला गाडी मागे घ्यायला लावत होतीस, आणि मी एकदा खरेच घेतली होती. मागच्या लोकांनी काय काय शिव्या दिल्या ते तुला ऐकू आले नसेल.

मिस्त्रींनी सगळ्यात शेवटी शिकवले ते जुने मोडलेले आणि नवे मोडलेले ओळखणे. लोक काय करतात, ठोकर लागली की दोन वर्षांपूर्वीचा खड्डाही त्यातच घुसवून देतात. लोखंड मात्र खोटे बोलत नाही, असे मिस्त्रींचे म्हणणे. आधीची चीर असेल तर दोन्ही तुकडे एकमेकांवर घासून तेवढा भाग गुळगुळीत आणि काळा पडलेला असतो. एका झटक्यात तुटले असेल तर सगळा भाग सारखा दाणेदार असतो. वर गंज चढला तरी रॉकेलने घासले की कळते.

मागच्या सोमवारी मिस्त्री म्हणाले, आता एक गाडी पूर्ण तू एकट्याने लिही, ती जमली की कामावर पक्का. मला मागच्या आवारात घेऊन गेले आणि ताडपत्री ओढली. माझाच ट्रक होता. माघात मारेगावच्या अलीकडे बाभळीवर घातलेला, रुईच्या गाठी अर्ध्या रस्त्यावर सांडलेल्या, तोच. सात महिने तो या आवारात पडून होता, कारण मी पोलिसांना, साहेबाला, तुझ्या आईला आणि तुला एकच सांगितले होते की पाटा आधीच तुटला आणि गाडी ओढली गेली. विम्याचा साहेब म्हणाला, मग गाडी नादुरुस्त असताना रस्त्यावर आणलीच कशी, आणि त्याने शेठचा कागद अडवून ठेवला. मी मिस्त्रींना म्हटले, ही गाडी नको, दुसरी द्या. ते म्हणाले, “दुसऱ्या कोनी लिहिलं तं तुले पटनार नाही. तूच पाह्य.” आणि खडू माझ्या हातात देऊन चहा प्यायला गेले.

मी डाव्या दिव्यापासून निघालो. दिवा, बंपर, मडगार्ड, रेडिएटर, सगळे नीट लिहिले. कमानीपाशी आलो आणि तिथेच बसून राहिलो. बेटा, मी मुद्दाम रचून खोटे बोललो असे समजू नकोस. झाडावर आदळल्यावर खाली उतरलो, पाटा तुटलेला दिसला, आणि माझ्या मनाने त्याला घट्ट धरले. मग सांगता सांगता ते मलाच खरे वाटू लागले. पण पूर्ण खरे कधीच वाटले नाही. संध्याकाळी आपण घरात पंचशील म्हणतो ना, त्यातले चौथे, खोटे न बोलण्याचे, आले की या सात महिन्यांत मी नुसते ओठ हलवत होतो. तुझी आई शेजारीच बसलेली असते, तिच्या लक्षात आले असेलही. मी रॉकेल आणले, चिंधी घेतली आणि तो तुकडा घासला. कुठे काळे निघेल म्हणून घासतच राहिलो. नाही निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा दाणा.

मी लिहिले: ‘कमान, मुख्य पाटा एक, नवीन घालणे. धडकेत तुटला.’ मिस्त्रींनी ते वाचून घेतले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुपारी देवीलाल शेठ आले. मला वाटले आता आवाज चढणार. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “एक ओळ लिहाले तुले सात महिने लागले का नागोराव?” त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरे वाटले असते. साहेबासमोर मी माझा जबाब बदलून दिला आहे. एक तारखेपासून मी गॅरेजमध्ये पक्का. मिस्त्रींनी मला स्वतःचा खडू ठेवायला डबी दिली आहे, पानाची आहे, तिला अजून काताचा वास येतो. म्हणून तुझा अर्ज सहीशिवाय परत पाठवतो. तुझ्या बापाला सही येत नाही असे नाही, ही सही येत नाही. तू माझ्या बाजूने एवढी उभी राहिलीस, ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

आता तू विचारशील, पाटा चांगला होता तर गाडी झाडावर गेली काहून? मी दारू प्यालो नव्हतो, झोपलोही नव्हतो. ऊन उतरले होते, दिवेलागणीची वेळ होती आणि मला ती बाभूळ दिसली नाही. वर्ष-दीड वर्षापासून संध्याकाळ झाली की माझ्यापुढे सगळे राखेसारखे व्हायचे. मैलाचा दगड कळायचा नाही, माणूस आहे की खांब ते कळायचे नाही. कोणालाच सांगितले नाही. डोळ्याचे कळले तर ट्रक कोण देणार? तुझ्या आजोबांना दिवस बुडाला की खाटेवरून उठायला नको वाटायचे, तुझ्या आत्याबाई हाताला धरून न्यायच्या, आणि घरचे सगळे त्यांना आळशी म्हणायचे. मीही त्यांना तेच म्हणत होतो, याची मला आज लाज वाटते. एस्टिमेट लिहिले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी इथल्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हा रातांधळेपणा आहे. तुम्ही फार उशीर केला, तरी माशाचे तेल देतो, पालेभाजी खा, बघू. आणि त्यांनी विचारले, घरात मुलेबाळे आहेत का? काहींना हे घराण्यातून येते. लवकर दाखवले तर बरेच काही करता येते.

घरी आलो आणि तुझे पत्र पुन्हा काढून वाचले. नुसत्या अर्जाचे असते तर मी दोन ओळी लिहून मोकळा झालो असतो. हे एवढे लांबलचक लिहिले ते त्या ट्रंकेसाठी. ट्रंक रोज त्याच जागी असते, असे तूच लिहिले आहेस. प्रार्थनेहून परत येताना शीलाचा हात धरावा लागतो, हेही गमतीत लिहिले आहेस. सत्यभामा, ती गंमत आहे की नाही, ते मला खरे सांग. वसतिगृहातून काढतील, मास्तरीण होऊ देणार नाहीत, मुली हसतील, हे सगळे भय मला ठाऊक आहे, मी त्याच भयाने गाडी झाडावर घातली. तू लपवू नकोस. मिस्त्रींनी मला शनिवारची सुट्टी दिली आहे, सकाळच्या पहिल्या मोटारीने मी येतो. आपण दोघेही मोठ्या दवाखान्यात जाऊन डोळे दाखवू. तुझ्या आईने शेवग्याचा पाला वाळवून ठेवला आहे, तो आणतो. शीलालाही सोबत यायला सांग, परतताना अंधारले तर आपण बापलेकांनी एकमेकांचा हात धरून काही उपयोग नाही. तोपर्यंत संध्याकाळचे पाणी तू भरू नकोस.

तुझाच,
बाबा